रकाना अकरा

सप्टेंबर लागला की मनिलात नाताळ सुरू होतो.
खालच्या फोटोवाल्याने कालच दिव्यांच्या माळा सोडल्यात.
पांढऱ्या पडद्यापुढे बसवतो तो एकेकाला,
कान दिसले पाहिजेत, दात नकोत,
आणि मग ते सगळे जिना चढून माझ्याकडे येतात
तपकिरी पाकिटं छातीशी धरून.

एक ते दहा रकान्यांत कोणी अडत नाही.
नाव, उंची, वजन,
काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं.
अकराव्यापाशी पेनं थांबतात.
अपेक्षित पगार.
कोणी विचारतं, कोरा सोडला तर चालेल का?
कोणी लिहितं, कंपनी देईल तो.
एकाने लिहिलं होतं, देवाची कृपा.
मी तिचे झ्लॉटी करून टाकले,
कमीत कमी.

आज जोव्हेलिन काटुबिग. बोहोलची. वेल्डर.
मनगटभर ठिणग्यांचे बारके डाग
सांडलेल्या तिळांसारखे.
तिने वहीचं पान उलगडून टेबलावर सपाट केलं.
आईचं इन्सुलिन.
वादळात उडालेले पत्रे, सोळा.
भावाच्या ट्रायसिकलचा हप्ता.
एक जाड कोट, त्यापुढे प्रश्नचिन्ह.
मग रेघ, रेघेखाली चार हजार दोनशे.
तेच तिने अकराव्यात उतरवलं
आणि म्हणाली,
एवढं मागितलं तर हावरट नाही ना वाटणार?

माझ्या खणात गोदीचं पत्र आहे.
सहा हजार पाचशेपर्यंत जायची तयारी आहे पोलंडवाल्यांची.
हे मला ठाऊक, आणि काचेपलीकडच्या एस्कुदेरोसाहेबांना.
ते म्हणतात, ओफेलिया,
आपण आकडा सांगायचा नसतो, ऐकायचा असतो.
खरंच आहे त्यांचं.
आकडा जो आधी टाकतो, त्याच्याच गालात तो रुततो.

मीही टाकला होता एकदा.
सिंगापूर, अठरावा मजला,
गुडघे जुळवून, मांडीवर पर्स.
रात्रभर घोकलेला आकडा
तोंडाशी येईतो थोडा झिजलाच.
बाई म्हणाली, ठीक आहे.
लगेच म्हणाली.
चहाचा कपसुद्धा खाली न ठेवता.
त्या घरात नऊ वर्षं मी भांडी पुसली, पोरं वाढवली,
पगार वेळेवर मिळाला, तक्रार नाही.
पण ते ‘लगेच’
अजून कधीतरी पहाटे तीनला उठवतं मला.

म्हणून मी लगेच काही म्हणाले नाही.
एसीखालच्या बादलीत पाणी ठिबकत होतं.
खाली जीपनीवाला गिऱ्हाइकं ओरडून गोळा करत होता.
जोव्हेलिनने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग खणाकडे,
मग पुन्हा माझ्याकडे.
मी फॉर्म उचलून चष्म्याजवळ नेला.
हा चार आहे की नऊ? म्हणाले. नीट लागत नाही.

चार चांगला ठळक होता.
शाळेत गिरवतात तसा.

पुसून देऊ? म्हणाली ती.
खाडाखोड चालत नाही इथे,
मी मोठ्यांदा म्हणाले, काचेपलीकडे जाईल इतपत,
आणि दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला.

नाव, उंची, वजन, सगळं पुन्हा लिहिलं तिने.
कोणाला कळवायचं तेही.
अकराव्यापाशी आली तेव्हा
वहीच्या पानाची घडी करून तिने खिशात घातली
आणि न बघता लिहिलं,
पाच हजार आठशे.

मी शिक्का मारला.
सातशे राहिले खणात.
ते आत आहेत हे आता तिलाही ठाऊक असावं,
कारण जाताना तिने आभार मानले नाहीत,
फक्त विचारलं,
तिकडे कोट कितीला मिळतो?

मी म्हटलं, मला नाही माहीत.
हे मात्र खरं होतं.